वाघमारे मॅडमचे चाळीस खेकडे

तारीख तीन मे, शनिवार. संख्या चाळीस, नर बावीस, माद्या अठरा. देणार सुनंदा वाघमारे, मूळ राहणार किनवट तालुका, हल्ली मुक्काम नांदेड. घेणार मी. हजर आम्ही दोघं आणि आमच्या लातूरच्या कॉलेजचा शिपाई हणमंत. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि पहिला खेकडा बाहेर आल्याबरोबर स्वतःच टेबलावर चढून बसला.

ही नोंद माझ्या वहीत अजून आहे. तिच्याखाली मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : ‘उसने दिले. परत घेणार.’ मी हसलो होतो. खेकडे कोणी उसने देतं का? पण मॅडमनी सही केली, आणि मलाही करायला लावली.

वाघमारे मॅडमविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला त्यांचा हेवा वाटत आला आहे. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही दोघंही प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, नांदेडच्या एकाच गाईडकडे पीएच. डी. करणारे, आणि विषयही जवळपास एकच : नदीनाल्यातल्या खेकड्यांवर जड धातूंचा काय परिणाम होतो. कारखान्याचं पाणी, रंगाचं पाणी, फुटक्या बॅटऱ्यांचं पाणी शेवटी ओढ्यात जातं. त्यातलं कॅडमियम, शिसं, पारा तळाच्या गाळात बसतं. खेकडा त्याच गाळात राहतो, त्यातलंच खातो. म्हणून पाण्याची तब्येत बघायची तर खेकड्याची तब्येत बघावी.

आमची पद्धत साधी होती. खेकडा पाणी भरलेल्या बंद बरणीत एक तास ठेवायचा. आधी आणि नंतर पाण्यातला प्राणवायू ब्युरेटच्या नळीतून थेंब टाकून मोजायचा. जेवढा कमी झाला तेवढा खेकड्यानं घेतला. काही खेकडे कॅडमियमच्या पाण्यात ठेवायचे, काही साध्या पाण्यात. साध्या पाण्यातल्यांना आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो. विषाच्या पाण्यातला खेकडा किती बिघडला हे कंट्रोलशी ताडूनच कळतं. सगळा हिशेब कंट्रोलवर उभा असतो.

हिशेब हे माझं काम. घरातला दुधाचा रतीब, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला, स्कूटरला लिटरला किती किलोमीटर, सगळं मी लिहून ठेवतो. प्रयोगाच्या वहीत माझे अकरा रकाने होते. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पाणी कुठलं, किती दिवस निवळलेलं, खेकड्याचं वजन, असे. आकडे दोन दशांशापर्यंत.

मॅडमची वही म्हणजे त्यांचा डावा हात. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गाईड सर आम्हाला नांदेडला बोलवायचे. मी बारा पानांचे तक्ते घेऊन पहाटेची एसटी पकडायचो. मॅडम यायच्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं लिहिलेलं वाचून दाखवायच्या.

“वाघमारे, वही कुठं आहे?” सर विचारायचे.

“उतरवून घेते ना सर. पाण्यात हात असताना वही कुठं धरून राहू?”

उतरवून घ्यायच्याही. मी एकदा त्यांची वही मागून घेतली, चुका काढायच्या म्हणूनच. बेरजेची एकही चूक सापडली नाही. अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी काहीही निष्कर्ष सांगितला, की त्या मान वाकडी करून विचारायच्या, “खेकड्याला विचारलं का?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, गंमत करतात. पण त्या खरंच विचारायच्या, म्हणजे टाकीपुढं स्टूल टाकून तासन्‌तास बसायच्या. खेकडा तोंडाशी फेस किती काढतो, मिशा कशा हलवतो, कोपऱ्यात बसतो की मधे, उजेड पडल्यावर किती वेळानं सरकतो. यातलं काहीच माझ्या अकरा रकान्यांत बसणारं नव्हतं.

त्यांचं लहानपण किनवटकडच्या जंगलातलं. आई मजुरीला जायची, मॅडम आश्रमशाळेच्या वसतिगृहात. सुट्टीत आल्या की भावाबरोबर नाल्यात खेकडे धरायच्या, चुलीत भाजून खायच्या. ज्या प्राण्यावर मी चाळिशीत पुस्तकं वाचत होतो, तो त्यांनी सातव्या वर्षी ताटात उघडून पाहिला होता. कल्ले कुठं, यकृत कुठं, अंडी कुठं, सगळं. आमचं घर लिंगायताचं, शाकाहारी. कॉलेजात शिकायला जाईपर्यंत मी खेकडा बोटानं शिवला नव्हता. नंतरही रबरी हातमोजे आणि चिमटा. मॅडम उघड्या हातानं धरायच्या. मागून, पाठीच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोट. खेकडा नांग्या हवेत मारायचा आणि त्या त्याच्याशी बोलायच्या, “हाव रे बाबा, झालंच.”

माझी वही त्यांनी चाळली तेव्हा त्या हसत सुटल्या.

“सर, तुमच्या वहीत निम्मे खेकडे लंगडे हायत.”

“पकडून आणतानाच पाय तुटलेले असतात,” मी म्हणालो.

“तुटत न्हाईत, तेच टाकून देतात. चिमट्यानं धरलं की पाय सोडून पळते ते. जीव वाचला पाहिजे ना.”

‘एक पाय नाही’ असा शेरा मी चौतीस वेळा लिहिला होता. कारण माझ्याच हातात होतं, आणि ते चाळीस सेकंदांत त्यांनी सांगितलं. हे मला आवडलं नाही.

एकदा आम्ही दोघं अर्धापूरजवळच्या एका नाल्यावर गेलो होतो. पावसाळा संपत आला होता, दोन्हीकडे केळीचे मळे. मी काठावर वही घेऊन, मॅडम गुडघाभर पाण्यात. दोन तासांत त्यांनी तीस खेकडे धरले आणि त्यातले अकरा परत सोडून दिले. मला राग आला. लातूरहून येण्यात माझा अख्खा दिवस गेला होता.

“काय झालं? का सोडले?”

त्यांनी बारावा खेकडा उलटा करून दाखवला. पोटाखालची झडप उघडली. आत मोहरीएवढी पिल्लं, शंभरेक तरी असतील, आईला चिकटून वळवळत होती.

“बाळंतिणीला कोण प्रयोगशाळेत नेते सर?”

मला ते हळवेपण वाटलं. परतीच्या वाटेवर डोकं चालवलं तेव्हा कळलं, की पिल्लांसकट मादी बरणीत ठेवली असती तर पिल्लांनी घेतलेला प्राणवायूही तिच्या खात्यावर पडला असता आणि आकडा चुकला असता. त्यांची दया आणि त्यांचं शास्त्र एकाच दिशेला जायचं. माझं तसं कधी झालं नाही. मला दर वेळी दोन्हीतलं एक निवडावं लागायचं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्या वर्षी लातूरला नळ दहा दिवसांनी यायचा, तोही पाऊण तास. कॉलेजची टाकी कोरडी होती. खेकड्यांना रोज ताजं पाणी लागतं. म्हणून मी घरचं पाणी न्यायला लागलो. रोज सकाळी स्कूटरला दोन्हीकडे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. घरात पाच माणसं, सगळ्यांची आंघोळ दोन तांब्यांवर आली होती. पण आईनं प्रयोगाचं पाणी कधी कमी पडू दिलं नाही. नळ आला की ती आधी ‘खेकड्याचं’ भरायची. मी तिला एकच सांगितलं होतं, “भांडं स्वच्छ पाहिजे, आई. प्रयोगाचं पाणी आहे.”

त्या पाण्यावर मी सात महिने नोंदी केल्या. माझ्या आकड्यांवरून दिसत होतं, की कॅडमियमच्या पाण्यातला खेकडा आणि कंट्रोलचा खेकडा यांच्या श्वासात फारसा फरक नाही. म्हणजे त्या मात्रेला खेकडा विष सोसतो. मॅडमचं तेच विष, तीच मात्रा, तीच जात. आणि त्यांच्याकडे नांदेडला फरक निम्म्याहून मोठा. दोघांतला एक प्रबंध चुकीचा होता. माझा सादर करायला दोन महिने उरले होते.

माझ्याकडे अकरा रकाने होते. त्यांच्याकडे डावा हात. कोण चुकलं असेल याबद्दल मला शंका नव्हती. खरं सांगायचं तर शंका घ्यायची इच्छाच नव्हती. मी गाईड सरांना चिठ्ठी लिहिली : ‘वाघमारे मॅडमच्या नोंदी एकदा तपासून घ्याव्यात, अशी नम्र विनंती.’ नम्र हा शब्द खोडून पुन्हा लिहिला, हेही आठवतं.

सरांनी ती चिठ्ठी मॅडमच्याच हातात दिली.

आठव्या दिवशी, म्हणजे त्या तीन मेच्या शनिवारी, त्या लातूरला आल्या. खांद्यावर भिजवलेलं पोतं. किनवटला भावाला घेऊन कोरड्या नाल्यातली बिळं खणून खेकडे काढले होते. किनवटहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटी. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय पोत्यात?” त्या म्हणाल्या, “पाव्हणे.” तो म्हणाला, “मग त्यांचं अर्धं काढू का?” हे सगळं त्यांनी मला हसत सांगितलं. हसणं संपल्यावर माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

मी ती उलटी करून ठेवली.

“भांडायला न्हाई आले सर,” त्या म्हणाल्या. “माझे खेकडे हायत. टाक्या तुमच्या, पाणी तुमचं, वजनकाटा तुमचा. मोजा तुम्ही. मी फक्त बसून राहते. कोण खोटं ते खेकडाच सांगंल.”

त्या माझ्या चुलत बहिणीकडे उतरल्या. सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत यायच्या आणि स्टुलावर बसायच्या. मी मोजत होतो. पहिल्या दिवशी कंट्रोलचा आकडा त्यांच्या बाजूचा आला. दुसऱ्या दिवशी थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी माझ्या सात महिन्यांच्या आकड्याशी येऊन टेकला. चौथ्या दिवशी दुसरा दशांशसुद्धा जुळला.

मला इतका आनंद क्वचित झाला असेल. त्यांचे खेकडे, त्यांच्या डोळ्यांदेखत, माझा आकडा. मी वही त्यांच्यापुढं सरकवली.

“बघा मॅडम.”

त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. टाकीकडे बोट केलं. “हे वर काहून चढून राहिले?”

कंट्रोलच्या टाकीत सहा खेकडे एकावर एक चढून कोपऱ्यात पाण्याच्या बाहेर आले होते. तोंडाला फेस.

“उन्हाळा आहे,” मी म्हणालो.

“किनवटला काय हिवाळा हाय? हे बिळात सुद्धा असे नव्हते. त्यांना पाणी नको वाटून राहिलं सर.”

“पाणी चांगलं आहे. आम्ही घरात तेच पितो.”

त्या पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. हरल्यावर माणूस बसतो तशा, असं मला वाटलं. मोठ्या मनानं मी त्यांना दुपारी घरी जेवायला बोलावलं.

घरी आईनं हातपाय धुवायला मोजून एक तांब्या दिला आणि प्यायला पेला भरून आणला. बाहेरून कोणी आलं, की आई ते पाणी द्यायची जे ती सगळ्यात चांगलं समजायची. मॅडमनी एक घोट घेतला, थांबल्या, जीभ ओठावरून फिरवली. मग पेला हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या.

तिथं आईच्या लग्नातले पाच मोठे तांब्याचे हंडे ओळीनं ठेवले होते. टंचाईमुळे माळ्यावरून खाली काढलेले. आई दर वेळी ते चिंच आणि मीठ लावून घासायची. इतके चकचकीत, की आत बघितलं की तोंड दिसावं.

“मावशी, हेच का खेकड्याचं पाणी?”

“तेच की. पोराचं प्रयोगाचं हाय म्हणून चिंचंनं घासूनशान भरते. दहा दिस ऱ्हातंय, पर वास न्हाई येत. तांब्याचं पाणी म्हंजी लई चांगलं, बाई.”

“ह्यात ताक ठेवता का मावशी?”

“येडी का काय गं!” आई हसली. “ताक कळकंल की! तांब्याच्या भांड्यात आंबट ठिवत्यात व्हय? पोट बिघडंल सगळ्यांचं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं. टंचाईत पाणी ओतायचं नसतं.

मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं : खेकड्याचं रक्त निळं असतं, कारण त्यात तांबं असतं. थोडं तांबं त्याला लागतंच. जास्त झालं की कल्ले निकामी होतात आणि श्वास मंदावतो. हे वाक्य मी तीन वेळा तपासलं होतं. आणि त्याच हातानं चिंचेनं घासलेल्या हंड्यातलं, दहा-दहा दिवस मुरलेलं पाणी कॅनमध्ये भरून सात महिने स्कूटरवरून वाहिलं होतं. माझे कंट्रोलचे खेकडे कंट्रोलचे नव्हतेच. तेही विषातच होते. दोन आजारी खेकड्यांची तुलना करून मी म्हणत होतो, आजारात काही फरक नाही.

‘पाणी कुठलं’ हा रकाना वहीत होता. ‘भांडं कुठलं’ हा नव्हता.

संध्याकाळी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागायची होती.

“सरांना काय सांगणार?” मी विचारलं.

“मी काहून सांगू? चिठ्ठी तुमची होती.”

“म्हणजे?”

“म्हंजे दुसरीबी तुम्हीच लिहा. न्हाई लिहिली तर न्हाई. माझं काम मला माहीत हाय.” गाडीत चढताना त्या मागं वळल्या. “आणि मावशीला काही बोलू नका सर. त्यांनी जीव लावून घासलंय ते.”

हेही त्यांनाच सुचलं. माझ्या आईचा विचार माझ्याआधी त्यांनी केला. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही.

अकरा दिवस मी चिठ्ठी लिहिली नाही. गणित सोपं होतं. हंड्याचं फक्त मॅडमना माहीत होतं आणि त्या बोलणार नव्हत्या. माझा प्रबंध वेळेत जाईल. त्यांच्या आकड्यांवर माझ्या पहिल्या चिठ्ठीचा डाग राहील, तो त्यांनी आपला पुसावा. रोज रात्री जेवताना मी हे गणित करायचो आणि रोज उत्तर तेच यायचं.

दरम्यान त्यांचे खेकडे टाकीत होते. जिवंत असलेले सव्वीस. मी शेजाऱ्यांचा प्लॅस्टिकचा पिंप मागून आणला, टँकरचं पाणी भरलं, दोन दिवस निवळू दिलं आणि खेकडे त्यात हलवले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांचं म्हणणं खोटं ठरावं म्हणूनच. चौथ्या दिवशी श्वासाचा आकडा वर चढला. सहाव्या दिवशी मॅडमच्या आकड्याला जाऊन भिडला. कोपऱ्यात चढणारे खेकडे पाण्यात उतरून बसले. मी तीनदा मोजलं. माणसाशी मी वाद घातला असता; आपल्याच ब्युरेटमधून पडलेल्या थेंबाशी घालता येईना.

त्या रात्री दुसरी चिठ्ठी लिहिली. दोन ओळींची. ‘माझ्या कंट्रोलचं पाणी तांब्याच्या हंड्यातलं होतं. वाघमारे मॅडमच्या नोंदी बरोबर आहेत.’ गाईड सरांनी दोन्ही चिठ्ठ्या एकाच टाचणीनं माझ्या फाईलला लावल्या आणि म्हणाले, “बिराजदार, पुन्हा पहिल्यापासून.”

मला चौदा महिने जास्त लागले. ते खेकडे त्यातच संपले. शेवटी कल्ले आणि यकृत तपासायला सगळेच लागतात. मॅडम डॉक्टर झाल्या त्या पावसाळ्यात मी पुन्हा बरण्या मोजत होतो. त्यांच्या प्रबंधातलं आभाराचं पान मी आधी वाचलं. माझं नाव होतं. पण त्याच्या वर, स्वतंत्र ओळीत, माझ्या आईचं होतं.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. वर्षभरानं त्यांचा फोन आला.

“सर, तुमच्या हंड्यावर काम करायचं म्हणते. घरातल्या भांड्यातलं पाणी सांडपाण्यात जाते, तिथल्या खेकड्याचं काय होते, असं. चूक तुमची हाय, तर नाव तुमचं पहिलं, माझं दुसरं.”

मी म्हणालो, “माझं नाव नको.”

मला वाटलं, मी त्यांचा मान राखला. दोन वर्षांनी तो लेख छापून आला, त्यावर त्यांना चार गावांहून बोलावणी आली, आणि मी प्रयोगशाळेत बसून तो लेख शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. त्यातल्या पहिल्या तक्त्याची कल्पना माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून निघाली होती. मला ती दिसली नव्हती, रोज तिथून पाणी भरत असताना.

त्यानंतर जिथं भेट होईल तिथं, परिषदेत, पेपर तपासणीच्या केंद्रात, एकदा मुदखेडच्या फलाटावर गाडी बदलताना, त्या लांबूनच हात वर करायच्या. “सर, माझे चाळीस खेकडे!” आजूबाजूचे लोक बघायचे. मी म्हणायचो, “देतो, देतो.” आई तर घरात माझ्याआधी त्यांची चौकशी करते. “ती खेकडेवाली पोरगी काय म्हणती? तिला सांग, हंडे माळ्यावर टाकलेत.” मी आईला कधी काही सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. कदाचित कोणीच नाही. ताकाचा प्रश्न तिनंही ऐकला होता.

गेल्या पावसाळ्यात मॅडमचा फोन आला. या वेळी आवाजात गंमत नव्हती.

“सर, किनवटला नाले पाहून राहिले. बिळं रिकामी. माझ्याकडच्या पोरींचे प्रयोग अडलेत, कंट्रोलला चांगल्या पाण्यातले खेकडे मिळेनात. तुमच्या शेताकडं हायत का?”

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. त्याच्या वर कारखाना नाही, गाव नाही. मी तीन दिवस पहाटे तिथं गेलो. बावन्नाव्या वर्षी, पँट गुडघ्यावर दुमडून. चिमटा घरी ठेवला होता. पहिल्या दिवशी दोन बोटं फोडून घेतली. दुसऱ्या दिवशी मागून धरायचं जमलं. पोटाखाली पिल्लं असलेल्या सात माद्या सोडून दिल्या. तिसऱ्या संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात ओलं पोतं, गवत आणि बरोबर चाळीस खेकडे. तीनदा मोजले. झाकणाला भोकं पाडली, कॅनमध्ये ओढ्याचं पाणी घेतलं आणि सकाळची नांदेडची गाडी धरली. चार तास तो डबा माझ्या मांडीवर होता.

मॅडमच्या प्रयोगशाळेत सहा-सात मुली होत्या. सगळ्यांच्या डाव्या हातावर बॉलपेननं लिहिलेलं. मॅडमनी डबा उघडला, उघड्या हातानं एकेक काढून टाकीत सोडायला लागल्या, मुली मोजायला लागल्या.

“एक्केचाळीस,” एक मुलगी म्हणाली.

“चाळीस,” मी म्हणालो. “मी तीनदा मोजलेत.”

“एक्केचाळीसच आहेत सर. टाकीत चाळीस, डब्यात अजून एक हलतोय.”

कमी भरले असते तर समजलो असतो; एखादा निसटला. जास्त कसा होईल? मॅडमनी टाकीत हात घातला, एक खेकडा उचलला, तळहातावर घेतला आणि माझ्यापुढं धरला. पाय, नांग्या, डोळ्यांच्या काड्या, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी बोटाच्या नखानं मागची कड उचलली. आत काहीच नव्हतं.

“रिकामं हाय सर. कात टाकली ह्यानं. रात्री न्हाईतर गाडीत.” त्या लगेच डब्यावर वाकल्या. “आणि हिचा मालक कुठं हाय?”

तो पोत्याच्या घडीत सापडला. नुकता बाहेर आलेला, फिकट, शिजवलेल्या वांग्यासारखा मऊ. बाकीच्यांच्या हाती लागला असता तर त्यांनी खाल्ला असता. मॅडमनी त्याला डाव्या तळहातावर घेतलं, बोटं मिटली नाहीत.

“बघा गं,” त्या मुलींना म्हणाल्या. “आता हा पाणी पिऊन फुगंल, मग वर नवं कवच चढंल. पाण्यात जे काही असंल ते ह्या घडीला सगळ्यात जास्त अंगात जाते. म्हणून आधी काय विचारायचं?” आणि माझ्याकडे वळल्या. “पाणी कुठलं आणलं सर?”

“ओढ्याचंच,” मी म्हणालो. “प्लॅस्टिकच्या कॅनमधून.”

“हंड्यातलं न्हाई ना?”

मुली हसल्या. त्यांना सगळी गोष्ट ठाऊक होती. मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असणार. मीही हसलो. हसताना लक्षात आलं, की या मुलींना माझं जे माहीत आहे ते एवढंच.

मी वही पुढं केली, जुनं पान उघडून. मॅडमचा एक हात अडकलेला होता, म्हणून त्यांनी उजव्या हातानं, वही एका मुलीच्या पाठीवर ठेवून, त्या ओळीखाली लिहिलं : ‘चाळीस मिळाले.’ सही केली. मग ती रिकामी कात खडूच्या रिकाम्या खोक्यात घालून मला दिली. “हे वरचं तुमचं.”

दारातून मागं पाहिलं. मॅडम खिडकीपाशी ओंजळ धरून उभ्या होत्या आणि सगळी डोकी त्या ओंजळीवर वाकली होती. दाराकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो खेकडा माझ्या ओढ्यातला, माझ्या हातानं धरलेला, माझ्या मांडीवर कात टाकलेला. मला कळलं नव्हतं.

एकूण दिले : खेकडे चाळीस, सगळे जिवंत, डॉ. सुनंदा वाघमारे यांना. परत मिळाली : कात एक. बाकी नाही.